दूरचित्रवाणीत बदलली ती चित्राची वाट

पुण्यातील एका पदवीच्या विद्यार्थिनीने मला विचारले आहे: "आजी सांगते, की तिच्या लग्नानंतर अख्ख्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि चित्र नीट दिसावे म्हणून कोणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवायचे. आज आमच्या घरात चार माणसे चार पडद्यांवर चार वेगवेगळ्या गोष्टी पाहतात. हा फरक कार्यक्रमांमुळे पडला, की टीव्हीच्या तंत्रामुळे?" मी १९८५ पासून या व्यवसायात आहे. आधी दुरुस्तीचे दुकान, मग केबलची कंट्रोल रूम, नंतर डिश बसवण्याची कामे आणि आता तंत्रशिक्षणाच्या वर्गात शिकवणे, असा माझा प्रवास झाला. माझे उत्तर असे, की कार्यक्रमांचा वाटा आहेच; परंतु चित्र घरापर्यंत कोणत्या वाटेने येते, याने कोण कोणाबरोबर पाहणार हे बरेचसे ठरवले आहे. ती वाट तीन-चार वेळा बदलली आणि प्रत्येक वेळी घरातली बैठकही बदलली.

सुरुवात जुन्या टीव्हीतल्या काचेच्या पिक्चर ट्यूबपासून करतो, कारण ती समजली की पुढचे सगळे सोपे जाते. ट्यूबच्या पडद्यावर एका क्षणी खऱ्या अर्थाने उजळलेला असा एक लहानसा ठिपकाच असे. ट्यूबच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आतल्या रासायनिक लेपावर आदळला की तेवढी जागा चमकते. मानेभोवती बसवलेले योक नावाचे वेटोळे त्या झोताला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली ओढत नेते. आपल्याकडच्या पाल नावाच्या प्रक्षेपण पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळतात (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). त्यातले सुमारे ५२ मायक्रोसेकंद झोत दिसतो आणि उरलेल्या वेळात तो पुन्हा डावीकडे परततो. वीस इंची टीव्हीचा पडदा साधारण चाळीस सेंटिमीटर रुंद असतो. तेवढे अंतर ५२ मायक्रोसेकंदांत कापायचे म्हणजे तो ठिपका सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. लेपाची चमक किंचित मागे रेंगाळते, डोळाही दिसलेले थोडा वेळ धरून ठेवतो, आणि आपल्याला सलग चित्र दिसते. चित्र लुकलुकू नये म्हणून आधी विषम क्रमांकाच्या ओळी आणि मग सम क्रमांकाच्या ओळी अशा दोन फेऱ्यांत ते रेखाटले जाई.

जुना टीव्ही सुरू केल्यावर एक अतिशय बारीक शीळ ऐकू येई. ती याच १५,६२५ आवर्तनांची, एलओटी नावाच्या ट्रान्सफॉर्मरमधून येणारी. दुकानात लहान मुले आली की त्यांना ती लगेच ऐकू येई. त्यांच्या आजोबांना येत नसे, कारण वयानुसार कानाची वरच्या स्वरांची क्षमता कमी होत जाते. हाच एलओटी रंगीत ट्यूबसाठी वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब तयार करी. पडद्याजवळ हात नेला की अंगावरचे केस उभे राहत, तेही त्याच दाबामुळे. टीव्ही बंद केल्यावरसुद्धा ट्यूबमध्ये हा भार साठून राहतो, म्हणून आधी तो जमिनीत उतरवायचा आणि मगच हात घालायचा, हा माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी दिलेला धडा मी आजही वर्गात पहिल्याच दिवशी देतो.

आता तुमच्या आजींच्या अँटेनाकडे येतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. त्यामुळे पुण्यातल्या घरोघरच्या अँटेनांची तोंडे सिंहगडाकडे असत. नवख्या माणसाला छपरांकडे पाहूनही दिशा कळावी, इतकी ती शिस्त होती. अँटेनाच्या ज्या काडीला वायर जोडलेली असते तिची लांबी तरंगलांबीच्या साधारण निम्मी ठेवावी लागते. मागची लांब काडी लहरींना पुढे परतवते आणि पुढच्या आखूड काड्या त्यांना एका दिशेने गोळा करतात. म्हणूनच अँटेना थोडा जरी वळला, एखादा कावळा बसून काडी वाकली, तरी पडद्यावर मुंग्या, म्हणजे वळवळणारे काळे-पांढरे ठिपके, दिसू लागत.

मुंग्यांपेक्षाही अधिक सतावणारी तक्रार म्हणजे दुहेरी चित्र. निवेदिकेच्या खांद्यापाशी, पडद्याच्या उजव्या बाजूला, तिचीच एक फिकट सावली उभी दिसे. अशा वेळी मी पट्टी घेऊन पडद्यावर ते अंतर मोजत असे. हिशेब असा: चाळीस सेंटिमीटरच्या ओळीला ५२ मायक्रोसेकंद, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला सुमारे पावणेआठ मिलिमीटर. त्या एका मायक्रोसेकंदात रेडिओलहर ३०० मीटर जाते. सावली मूळ चित्रापासून चार सेंटिमीटर दूर दिसली, तर दुसरी लहर पाच मायक्रोसेकंद उशिरा आली, म्हणजेच ती दीड किलोमीटर जास्त फिरून आली. अँटेनाच्या बरोबर मागे पाऊण किलोमीटरवर टेकडीचा उतार असेल, तर जाण्यायेण्याचे अंतर मिळून तेवढेच भरते. कोथरूडच्या एका घरी मी असाच हिशेब करून मालकांना मागच्या टेकडीकडे बोट दाखवले होते आणि अँटेना आठ-दहा अंश वळवून ती सावली जवळजवळ घालवली होती. पडद्यावर पट्टी ठेवून बाहेरची टेकडी मोजता येते, हे ज्या दिवशी मला कळले, त्या दिवसापासून या विद्येवरचे माझे प्रेम कधी कमी झालेले नाही.

या वाटेचा समाजाशी संबंध काय, ते पाहा. मनोरा सर्व दिशांना एकच चित्र सोडतो. ते एका घरात पाहिले काय किंवा एक लाख घरांत पाहिले काय, मनोऱ्याचे विजेचे बिल तेवढेच राहते आणि कोण पाहत आहे हे त्याला कळण्याचा काही मार्ग नसतो. टीव्ही असलेल्या घराला पोस्टात परवान्याचे शुल्क भरावे लागे. परंतु त्यावरून टीव्ही कोणाकडे आहे एवढेच समजे. संच महाग, वाहिनी एक आणि वेळ संध्याकाळची. त्यामुळे लाकडी शटरचा टीव्ही ज्या घरात असे, तिथे सतरंजी अंथरली जाई आणि शेजारपाजारची मुले पुढे, मोठी माणसे मागे अशी बैठक आपोआप जमे. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम पुण्या-मुंबईच्या नोकरदारांनीही पाहिला, कारण त्या वेळी दुसरे काही लागतच नसे. निवड नव्हती ही उणीव होतीच. पण शहरातल्या माणसाच्या कानावर उसावरच्या किडीचे नाव पडत होते, हेही त्याच उणिवेतून आले.

एकच चित्र सर्वांना पाठवण्याच्या या वाटेचा सर्वांत धाडसी उपयोग देशाने १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात केला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचवले गेले. त्या खेड्यांत जाळीच्या मोठ्या डिश आणि सामुदायिक टीव्ही बसवले होते, आणि शेती, आरोग्य व शाळेचे पाठ हा मुख्य मजकूर होता. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र इन्सॅट मालिकेच्या उपग्रहांमुळे देशभर लहान सहक्षेपण केंद्रे, म्हणजे मुख्य केंद्राचे कार्यक्रम आसपास पुढे पाठवणारे मनोरे, उभी राहिली आणि १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षात रंग आला. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी दुकानातच होतो. रविवारी सकाळी दुकान उघडण्यात अर्थ नसे. शनिवारी रात्री मात्र उशिरापर्यंत काम चाले, कारण प्रत्येकाला आपला टीव्ही रविवारच्या आत हवा असे.

दुसरी वाट केबलची. जानेवारी १९९१ मधले आखाती युद्ध सीएनएन या अमेरिकी वृत्तवाहिनीवर दिसले, त्याच वर्षी स्टार आले, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आले. गल्लीतल्या एखाद्या उत्साही तरुणाने गच्चीवर मोठी छत्री, म्हणजे डिश अँटेना, लावायची, तिच्यावर उतरलेले उपग्रहाचे कार्यक्रम वेगवेगळ्या वाहिन्यांवर बसवायचे आणि विजेच्या खांबांवरून, झाडांवरून वायर ओढत घरोघर न्यायची. त्याला कोणी फारसे शिकवले नव्हते. वायर लांबली की संदेश (सिग्नल) क्षीण होतो, म्हणून मध्ये मध्ये अॅम्प्लिफायर. परंतु प्रत्येक अॅम्प्लिफायर संदेशाबरोबर गोंगाटही वाढवतो. म्हणून कंट्रोल रूमशेजारच्या घरात चित्र स्वच्छ आणि गल्लीच्या टोकाच्या घरात मुंग्या, आणि दोघांकडून पैसे मात्र सारखेच घेतले जात. टोकाच्या घरातल्या आजोबांची ती तक्रार रास्त होती. १९९५ साली केबलचा कायदा आला तोपर्यंत हे जाळे गावोगाव पसरून झाले होते. यापुढे घरात 'काय लावायचे' हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला आणि रिमोट कोणाच्या हातात, हे घरातल्या मानाचे एक माप झाले. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी आल्यावर रोजच्या मराठी मालिका वाढल्या, आणि संध्याकाळचा स्वयंपाक मालिकेच्या वेळेआधी उरकण्याची रीत मी अनेक घरांत पाहिली. बातम्यांच्या वेळी तोच रिमोट बहुधा आजोबांकडे जाई.

तिसरा बदल अंकीय, म्हणजे डिजिटल, तंत्राचा, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक अंक) आणि सेकंदाला २५ चित्रे धरली तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. एवढे कोणत्याही वाटेने घरोघर पाठवणे परवडणारे नाही. प्रत्यक्षात साठ-ऐंशी लाख बिटांत काम भागवले जाते. ते शक्य होते, कारण एका चित्रातले बहुतेक सगळे पुढच्या चित्रात तसेच असते. वृत्तनिवेदिकेचे ओठ आणि पापण्या हलतात. मागची भिंत हलत नाही. म्हणून मधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवायचे आणि त्यानंतरच्या चित्रांत काय बदलले तेवढेच सांगायचे, ही युक्ती आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून कोणता चौकोन कुठे सरकला हे कळवले जाते, आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक तपशील सोडून दिले जातात. संदेशात खंड पडला की पडद्यावर चौकोन विखुरतात, ते हेच.

वाहिनी बदलल्यावर जुना टीव्ही क्षणात चित्र दाखवत असे आणि नवा एक-दोन सेकंद काळा राहतो, त्याचेही मुख्य कारण यातच आहे. नव्या वाहिनीवर गेल्यावर पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत सेट टॉप बॉक्सला वाट पाहावी लागते. बदल नुसते कळले, पण कशात बदल करायचा तेच हाती नाही, अशी त्याची स्थिती असते. ग्राहक हे यंत्राचा दोष समजतात आणि बॉक्स बदलून मागतात. तो दोष नाही.

जिथे केबलवर एक वाहिनी मावत होती, तिथे या संक्षेपामुळे दहाहून अधिक मावू लागल्या. केबल अंकीय करण्यासाठी मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही सरकारी मुदत होती, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांत ३१ मार्च २०१३. लोकांना या बदलाचे कारण 'स्वच्छ चित्र' असे सांगितले गेले आणि ते खरेही होते. पण व्यवसायातल्या सगळ्यांना माहीत असलेले दुसरे कारण मोजदादीचे होते. जुन्या वायरीवर किती घरे आहेत, हे केबलवाला सांगेल तेवढीच; सेट टॉप बॉक्स आला आणि प्रत्येक घराला क्रमांक मिळाला. कोणत्या घराने कोणत्या वाहिनीचे पैसे भरले हे मुख्य केंद्रातून दिसू लागले आणि न भरणाऱ्याची वाहिनी तिथूनच बंद करता येऊ लागली. ज्या वाटेवर घर अदृश्य होते, तिथे आता त्याची नोंद झाली.

डिश टीव्ही, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात, ही या तंत्राची दुसरी शाखा. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, त्यामुळे वर जाऊन खाली येण्यालाच संदेशाला पाव सेकंद लागतो. लहान डिशसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पावसाचे थेंब त्यांना सहज शोषतात व विखुरतात. जुलैत पश्चिम घाटात मुसळधार सुरू झाली की चित्र जाते ते यामुळे. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्रीवरच्या लांब लहरींना हा त्रास फार कमी होई. तरीही डिशने एक मोलाचे काम केले. जिथे केबलची वायर कधी पोहोचलीच नसती, त्या वाड्यावस्त्यांवर ती पोहोचली. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची मोफत डिश सेवा आजही महिन्याचे शुल्क न घेता काही कोटी घरांत दिसते.

पडदा मात्र मी थोडक्यात उरकतो. एलईडी म्हणून विकला जाणारा टीव्ही बहुतेक वेळा एलसीडीच असतो: मागे पांढरा उजेड, पुढे द्रवस्फटिकांचा थर, जो प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या झडपेतून किती उजेड जाऊ द्यायचा ते ठरवतो. ओलेड या प्रकारच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. ट्यूब अवजड आणि खोल असल्याने टीव्ही घरात एका कोपऱ्यात बसे आणि सगळी बैठक त्या कोपऱ्याकडे तोंड करी. पातळ पडदा कोणत्याही भिंतीवर, कोणत्याही खोलीत आणि अखेर खिशात गेला. दुरुस्ती करणारा माणूस म्हणून मला एक खंत आहे: फुगलेले कपॅसिटर किंवा मागच्या उजेडाची पट्टी आम्ही बदलून देतो, पण पॅनेल फुटले तर नवीन टीव्ही घेणेच स्वस्त पडते. ट्यूबच्या काळात बारा-पंधरा वर्षे चाललेले टीव्ही माझ्या दुकानात येत असत.

शेवटची वाट इंटरनेटची. इथे पहिल्या मनोऱ्याचे गणित पूर्ण उलटते. साधारणपणे प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. एक लाख माणसे सेकंदाला पन्नास लाख बिटांनी एकच सामना पाहत असतील, तर सेवा देणाऱ्याला सेकंदाला ५०,००० कोटी बिट पुरवावे लागतात. म्हणून शहराशहरांत साठवणीचे सर्व्हर ठेवतात, कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि जाळ्याचा वेग पाहून जास्त किंवा कमी स्पष्ट चित्राचा तुकडा पाठवतात. हे तुकडे तयार होऊन, साठून, उघडेपर्यंत वेळ जातो. त्यामुळे मोबाइलवरचा सामना डिशच्या वीस-तीस सेकंद मागे राहू शकतो. शेजारच्या घरातून आरडाओरडा आला आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येतोय, हा अनुभव तुम्हाला असेलच. एकाच इमारतीत एकच विकेट वेगवेगळ्या वेळी पडते.

प्रवाह स्वतंत्र झाला, की तो वेगळा करता येतो. आणि वेगळा करायचा तर पाहणारा कोण हे माहीत असावे लागते. कोणी कुठे थांबवले, काय अर्धवट सोडले, हे सर्व नोंदले जाते. काही स्मार्ट टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन तुम्ही काय पाहत आहात ते ओळखतात. अमेरिकेत २०१७ साली, ग्राहकांची नीट संमती न घेता अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात, टीव्ही विकणाऱ्या व्हिझिओ कंपनीने ग्राहकहित पाहणारे फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्य यांच्याशी २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली. कोणाकडेही नवा टीव्ही बसवला की मी सेटिंगमध्ये जाऊन ही परवानगी कुठे बंद करायची ते दाखवतो. तुम्हीही घरी ते पाहून घ्या.

आता तुमच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. चार माणसे चार पडद्यांवर पाहतात, कारण प्रत्येकाला वेगळा प्रवाह देण्याची सोय झाली आणि पडदे स्वस्त झाले. आजींच्या काळी ती इच्छा नव्हती असे नाही. भांडणे तेव्हाही होत. यात नुसते नुकसानच झाले असे मी मानत नाही. परदेशातल्या मराठी घरांना पूर्वी व्हिडिओ कॅसेटची वाट पाहावी लागे, त्यांना आज मालिका त्याच दिवशी दिसते; आणि गावातल्या मुलीला जे शिकायचे आहे ते ती कोणाला न विचारता पाहू शकते. परंतु एकच चित्र सर्वांना पाठवणारी वाट किती उपयोगाची, हे २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दिसले. शाळा बंद होत्या आणि अनेक घरांत एकच स्मार्टफोन, तोही वडिलांबरोबर कामावर. त्या वर्षी जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही पाठांची मालिका सुरू झाली. त्या दिवसांत मी पत्र्याच्या छपरांवर मोफत सेवेच्या डिश बसवत होतो. डिशचे तोंड आग्नेयेकडे करून ती केसभर वळवत असताना खालून एक मुलगी "आलं, आलं!" असे ओरडली, ऐंशीच्या दशकात कौलांवर चढून ऐकलेला तोच शब्द तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा कानावर पडला.

जमिनीवरचे जुने अनुरूप (अॅनालॉग) प्रक्षेपक दूरदर्शनने २०२२ पर्यंत, मोजक्या ठिकाणांचा अपवाद वगळता, बंद केले. मात्र मनोऱ्यावरून थेट मोबाइलमध्ये प्रक्षेपण उतरवण्याच्या चाचण्या प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी केल्या आहेत. इंटरनेटचा डेटा न वापरता, एकाच लहरीवर लाखो फोन, असा तो विचार आहे. त्यात माझ्या ओळखीची एक अडचण पुन्हा समोर येते. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर साठ सेंटिमीटर लांब असते, तिच्या निम्म्या लांबीची काडी तीस सेंटिमीटरची होते, आणि फोन असतो जेमतेम सोळा सेंटिमीटरचा. ती काडी फोनमध्ये बसवायची कशी, हे गणित सध्या माझे विद्यार्थी वर्गात सोडवत आहेत.